आरशात कॅमेरा का दिसत नाही?

वाचकांचे प्रश्न : ‘रिंगु’

हिदेओ नाकाता यांच्या ‘रिंगु’ (१९९८) या जपानी भयपटाबद्दल आलेल्या प्रश्नांना या वेळी सगळी पानं दिली आहेत. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांनी इथेच थांबावं, कारण पुढे शेवटासकट सगळं उघड केलं आहे. पाहून बरीच वर्षं झालेल्यांसाठी कथा थोडक्यात अशी: रेइको असाकावा ही पत्रकार. तिची भाची तोमोको अचानक मरते. तोमोको आणि तिच्या मित्रमैत्रिणींनी इझू द्वीपकल्पातल्या एका भाड्याच्या केबिनमध्ये एक व्हिडिओ टेप पाहिलेली असते. ती टेप संपताच फोन वाजतो आणि पाहणारा आठवड्याने मरतो. रेइको ती पाहते, घटस्फोटित नवरा र्‍युजी ताकायामा पाहतो आणि त्यांचा लहानगा योइचीही पाहतो. शोध घेत दोघं इझू ओशिमा बेटावर पोचतात. तिथल्या शिझुको यामामुरा या अतींद्रिय शक्ती असलेल्या बाईची मुलगी सादाको हिला डॉ. इकुमांनी विहिरीत ढकलून मारलेलं असतं. केबिन त्याच विहिरीवर बांधलेली आहे.

टेपमधली दृश्यं कुठूनही उचलून जोडल्यासारखी वाटतात. त्यांना काही क्रम आहे का? आणि आरशाची जागा मध्येच का बदलते? (डोंबिवली)

क्रम आहे, पण तो घटनांचा नाही. ही टेप म्हणजे एका माणसाच्या डोक्यात राहिलेल्या चित्रांची माळ आहे. ती नीट बघायची तर पहिल्यांदा आवाज बंद करून बघा, दुसऱ्यांदा चित्राकडे पाठ करून फक्त ऐका आणि तिसऱ्यांदा एकेक चित्र थांबवत जा. दर चित्रापाशी एकच प्रश्न विचारायचा: हे कोणाच्या डोळ्यांनी दिसतंय?

सुरुवातीला अंधारात एक उजळ गोल दिसतो. पहिल्यांदा तो ढगाळ रात्रीचा चंद्र वाटतो. विहिरीचा भाग पाहून झाल्यावर पुन्हा बघितलं की कळतं, हे विहिरीच्या तळातून वर बघताना दिसणारं तोंड आहे. म्हणजे सादाकोने शेवटचं जे पाहिलं ते टेपमध्ये सर्वांत आधी येतं.

मग आरसा. एक बाई केस विंचरते आहे, ती शिझुको. क्षणभर आरसा भिंतीवर दुसरीकडे सरकतो, त्यात पांढऱ्या कपड्यांतली एक मुलगी दिसते आणि आरसा परत जागेवर येतो. चित्रपटात र्‍युजी इथेच थांबतो आणि अचूक शंका काढतो: या कोनातून चित्रण केलं असेल तर चित्रण करणारा आरशात दिसायला हवा, तो का दिसत नाही? पुढच्या तपासात या शंकेचं उत्तर ‘टेप कॅमेऱ्याने काढलेलीच नाही’ असं मिळतं. आमचं वाचन त्याच्या एक पाऊल पुढे जातं. आरसा सरकल्यावर त्यात जी दिसते तीच बघणारी आहे. कॅमेऱ्याच्या जागी ती मुलगी उभी आहे. र्‍युजीने शंका काढण्याआधीच टेपने तिचं उत्तर दिलेलं असतं, पण अर्ध्या सेकंदात डोळ्यांपुढून जातं म्हणून ते निसटतं.

केस विंचरण्याच्या चित्रालाही जपानी प्रेक्षकांच्या मनात जुनी जागा आहे. त्सुरुया नांबोकू (चौथा) याच्या १८२५ सालच्या ‘योत्सुया काइदान’ या काबुकी नाटकात विषबाधा झालेली ओइवा केस विंचरते आणि फणीसोबत केसांचे झुबकेच्या झुबके निघून येतात. तो प्रवेश तिथे इतका माहितीचा आहे की आरशासमोर फणी हातात घेतलेली बाई दिसली की प्रेक्षक आधीच सावध होतो. आपल्याला मात्र ते शांत घरगुती दृश्य वाटतं.

नंतर अक्षरं मुंग्यांसारखी वळवळतात. त्यात ‘फुंका’ हा शब्द ओळखू येतो, म्हणजे ज्वालामुखीचा उद्रेक. शिझुकोने ओशिमावरच्या मिहारा पर्वताच्या उद्रेकाचं भाकीत केलं होतं, त्या बातमीचे हे तुकडे. मिहारा हा खराखुरा, जागता ज्वालामुखी आहे. १९८६ च्या उद्रेकात सगळं बेट रिकामं करावं लागलं होतं, म्हणजे चित्रपट आला तेव्हा प्रेक्षकांच्या आठवणीत ते ताजं होतं. त्यानंतर सरपटणारी, वेदनेत वळवळणारी माणसं, डोक्यावर कापड घेऊन बोट दाखवणारा माणूस, बुबुळात एक अक्षर उमटलेला डोळा, आणि शेवटी मोकळ्यावरची विहीर. डोळ्यातलं अक्षर ‘सादा’, सादाकोच्या नावातलं पहिलं. त्याचा अर्थ निष्ठा, पातिव्रत्य. जपानी वाचता येणाऱ्याला इथे थेट नाव मिळतं, बाकीच्यांना फक्त एक चिन्ह.

सरपटणाऱ्या माणसांचा खुलासा चित्रपट करत नाही. ती ‘फुंका’च्या शेजारी येतात, त्यामुळे उद्रेकात सापडलेली माणसं हा अर्थ जवळचा, पण त्यापुढे ओढू नये.

डोक्यावर टॉवेल घेतलेला माणूस कोण? मित्रांमध्ये यावरून भांडणं झाली आहेत. (नाशिक)

भांडण मिटवता येणार नाही, पण त्याची हद्द आखता येईल. हा माणूस दोनदा येतो. टेपमध्ये तो लाटांच्या पार्श्वभूमीवर बाजूला बोट दाखवतो. आणि र्‍युजी मेल्यावर, आपण का वाचलो याचा विचार करत रेइको घरी बसलेली असताना, टीव्हीच्या काळ्या काचेत त्याचं प्रतिबिंब उभं राहतं. या वेळी बोट तिच्या पिशवीकडे असतं आणि पिशवीत टेपची प्रत असते. रेइकोला तो र्‍युजीच वाटतो. काहीतरी दाखवून देणं, एवढंच त्याचं काम दोन्ही वेळा आहे.

कापडाबद्दल एक ठोस गोष्ट सांगता येते. जपानमध्ये माणूस गेला की चेहऱ्यावर पांढरं कापड घालतात. म्हणून तोंड झाकलेली उभी आकृती तिथल्या माणसाला ‘ओळख लपवलेला’ अशी न दिसता ‘मेलेला’ अशी दिसते. टेपमधला तो र्‍युजी असेल तर र्‍युजी मरायच्या आधी तो टेपमध्ये कसा आला, हा प्रश्न उरतोच. टेप काळाच्या पलीकडची आहे म्हणा किंवा मेलेल्या र्‍युजीने टेपमधलं रूप घेतलं म्हणा, दोन्हींना चित्रपटात आधार नाही आणि दोन्ही खोडताही येत नाहीत. ‘तो सादाकोचा बाप’ या तर्काला मात्र काहीच आधार नाही. तो सोडून द्यावा.

टेपमध्ये पुटपुटल्यासारखं एक वाक्य ऐकू येतं. सबटायटलमध्ये ते बडबडगीतासारखं दिलं आहे. मूळ काय आहे? (बेळगाव)

मूळ उच्चार साधारण असा: ‘शोमोन बाकारी शितेरु तो, बोकोन गा कुरु झो’. आशय असा: सारखा पाण्यात खेळत राहिलास तर भूत येईल हं. पोरांना दटावायचं वाक्य आहे. इंग्रजी सबटायटलांत यमक जुळवून ते गूढ केलं गेलं आणि त्या नादात मुख्य गोष्ट निसटली: हे प्रमाण जपानी नाही, ओशिमा बेटाची बोली आहे. टोकियोच्या माणसालाही ते नीट कळत नाही. म्हणूनच कथेत ते धागादोरा ठरतं. बोली ओळखली जाते आणि रेइको-र्‍युजी बेटाची बोट पकडतात. मराठीत असा परिणाम साधायचा तर पुण्याच्या माणसाला न कळणारी ठेठ मालवणी घालावी लागेल.

‘पाण्यात खेळणं’ पुढे जड होत जातं. बेटावर कळतं की शिझुको तासन्‌तास समुद्राकडे बघत बसायची आणि त्याच्याशी माणसांच्या नसलेल्या भाषेत बोलायची. सादाकोचा बाप माणूस नसावा, अशी शंका र्‍युजी एकदा बोलून दाखवतो. चित्रपट ती शंका तिथेच टाकून देतो. समुद्र, वादळ, पाऊस, विहिरीतलं पाणी या सगळ्यांना बांधणारा दोरा एवढाच. पण टेपमध्ये लाटा का आहेत, याचं उत्तर त्यात आहे.

शिझुकोच्या जाहीर प्रयोगाचं दृश्य खऱ्या घटनेवरून घेतलं आहे का? (मडगाव)

त्या दृश्यात पत्रकारांसमोर शिझुको बंद वस्तूंच्या आतलं ओळखते, एक पत्रकार फसवणूक म्हणून ओरडतो आणि जागच्या जागी मरतो. त्याला मारणारी आई नसून बाजूला उभी असलेली मुलगी आहे, हे तिथे उघड होतं. मृत्यू कल्पित आहे, बाकीच्याला इतिहास आहे.

टोकियो इम्पीरियल विद्यापीठातले मानसशास्त्राचे सहप्राध्यापक तोमोकिची फुकुराई यांनी १९१० मध्ये कुमामोतोच्या चिझुको मिफुने या तरुणीच्या चाचण्या घेतल्या. कागदावर अक्षरं लिहून तो कागद शिशाच्या नळीत बंद करायचा आणि तिने न उघडता ती ओळखायची, अशी पद्धत. चिझुको साक्षीदारांकडे पाठ करून बसायची, आणि संशयाला सर्वांत मोठी फट तीच होती. सप्टेंबर १९१० मध्ये टोकियोतल्या शास्त्रज्ञांसमोरच्या चाचणीत तिच्या हाती चाचणीसाठी दिलेल्या नळीऐवजी सरावाची नळी निघाली. वर्तमानपत्रांनी झोड उठवली. जानेवारी १९११ मध्ये तिने विष घेतलं, तेव्हा ती २४ वर्षांची होती.

फुकुराई थांबले नाहीत. मनातलं चित्र थेट छायाचित्राच्या काचेवर उमटवण्याच्या कथित शक्तीला त्यांनी ‘नेन्शा’ असं नाव दिलं आणि १९१३ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. त्यांनी तपासलेल्या बायकांपैकी एकीचं नाव होतं सादाको ताकाहाशी. पुढे त्यांना विद्यापीठ सोडावं लागलं. चिझुकोची शिझुको झाली, सादाको नाव तसंच राहिलं, फुकुराईंच्या जागी इकुमा आले आणि काळ काही दशकं पुढे सरकवला गेला.

आणि हाच टेपचा तांत्रिक खुलासा आहे. काचेच्या जागी चुंबकीय फीत आली, एवढंच. सुरुवातीच्या प्रसंगात मासामी ही मैत्रीण एक अफवा सांगते ती आठवा: इझूला गेलेल्या एका मुलाने टोकियोतला कार्यक्रम रेकॉर्ड करायला लावला, पण तिकडचे चॅनेल वेगळे असल्याने टेपवर नुसत्या मुंग्या यायला हव्या होत्या, आल्या मात्र भलत्याच गोष्टी. प्रेक्षक याला पोरकट गप्पा समजून सोडून देतो. खरं तर रिकाम्या फितीची गोष्ट पहिल्या पाच-दहा मिनिटांतच सांगून झालेली असते.

सादाकोची हाडं सापडली, रेइकोने ती जवळ घेतली. तरी शाप का संपत नाही? आणि ज्यांनी तिचं काही वाईट केलं नाही त्यांना ती का मारते? (सोलापूर)

पहिल्या प्रश्नात या चित्रपटाची खरी खोच आहे. जुन्या जपानी भूतकथांत ठरलेली वाट असते: भूत दिसतं, त्याच्यावरचा अन्याय कळतो, अस्थी सापडतात, भिक्षू सूत्रपठण करतो, ‘कुयो’ म्हणजे मृतासाठीचा विधी होतो आणि आत्मा सुटतो. नाकाता आणि पटकथाकार हिरोशी ताकाहाशी आपल्याला त्याच वाटेने घेऊन जातात. रेइको विहिरीत उतरते, बादल्या उपसते, कवटी हाती येते, ती आईसारखी तिला कवटाळते, तिची वेळ टळून जाते. कोणताही दुसरा चित्रपट इथे संपला असता. दुसऱ्या दिवशी र्‍युजीच्या घरचा टीव्ही आपोआप सुरू होतो.

रेइको वाचली ती करुणेमुळे नव्हे. र्‍युजीला दाखवायला तिने टेपची प्रत काढली होती आणि ती त्याने पाहिली. र्‍युजीने कोणासाठीच प्रत काढली नाही. नियम एवढाच आहे: प्रत काढा आणि दुसऱ्याला दाखवा. जपानी शाळकरी पोरांमध्ये १९७० च्या सुमारास ‘फुको नो तेगामी’, म्हणजे दुर्भाग्याची पत्रं, फिरत असत. अमुक दिवसांत अमुक जणांना हेच पत्र पाठव, नाहीतर अरिष्ट येईल. संतोषीमातेच्या नावाने येणारी पोस्टकार्डं ज्यांना आठवतात त्यांना वेगळं सांगायला नको.

दुसरा प्रश्न ‘ओनर्‍यो’ या कल्पनेचा. ओनर्‍यो म्हणजे रागात मेलेल्याचा आत्मा. त्याचा राग अपराध्याला शोधत जात नाही, तो पसरतो. सुगावारा नो मिचिझाने हा दरबारी विद्वान खोट्या आरोपावरून हद्दपार होऊन ९०३ मध्ये वारला. त्यानंतरच्या रोगराईचा आणि ९३० मध्ये राजवाड्यावर पडलेल्या विजेचा ठपका त्याच्या कोपावर ठेवला गेला. शेवटी त्याला तेंजिन या नावाने देव करून पूजलं गेलं, आणि आज परीक्षेआधी विद्यार्थी त्याच्याच देवळात जातात. म्हणजे परंपरेत कोप शमवायची सोय होती. ‘रिंगु’ने पसरणारा राग तेवढा ठेवला आणि शमवण्याची सोय काढून घेतली.

सातच दिवस का? ती विहिरीत सात दिवस जिवंत होती म्हणून ना? (अकोला)

नाही. ‘विहिरीत सात दिवस’ हे २००२ च्या अमेरिकी आवृत्तीतून आलं आहे. १९९८ च्या चित्रपटात विहिरीच्या भिंतीत रुतलेली नखं दिसतात. त्यावरून ती पडल्यावर जिवंत होती आणि वर चढायची धडपड करत होती एवढं कळतं, किती दिवस ते नाही. १९९९ च्या ‘रिंगु २’मध्ये तर तीस वर्षांची भाषा आहे.

सात या आकड्याचं कारण पात्रं सांगत नाहीत, पण जपानी प्रेक्षकाला तो आकडा मृत्यूशी जोडलेला आधीच माहीत असतो. माणूस गेल्यावर पहिला सातवा दिवस ‘शोनानोका’, मग दर सात दिवसांनी विधी, आणि ४९ व्या दिवशी शेवटचा. ही गणना भारतातून गेली आहे. मृत्यू आणि पुढचा जन्म यांमधल्या अवस्थेला बौद्ध ग्रंथांत ‘अंतराभव’ म्हणतात, आणि ती सात दिवस टिकते की सात आठवडे, याबद्दलची मतं वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोशभाष्या’त नोंदवली आहेत. या चित्रपटात तीच मुदत जिवंत माणसाला दिली आहे. टेप पाहिली की मेल्यानंतरचे दिवस आधीच मोजायला सुरुवात होते. हे आमचं वाचन आहे. पडद्यावर मध्येमध्ये येणाऱ्या तारीख-वारांच्या पाट्या मात्र कागदावर उतरवून घ्या, कोणाचा कितवा दिवस चालू आहे याचा घोळ होत नाही.

शापित लोकांचे फोटोत चेहरे विस्कटलेले का दिसतात? आणि मरताना चित्र एकदम निगेटिव्ह का होतं? (कोल्हापूर)

दोन्हींचं मूळ छायाचित्रात आहे. १९७० च्या दशकात जपानमध्ये ‘शिनरेइ शाशिन’, म्हणजे आत्मे टिपल्याचं सांगितलं जाणाऱ्या फोटोंचं, मोठं वेड होतं. नको तिथे हात, पुसलेला चेहरा, गायब झालेला पाय, अशा फोटोंवर मासिकं आणि टीव्हीचे कार्यक्रम चालत. विस्कटलेला चेहरा म्हणजे काय, हे तिथे कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. कथेत त्याचा उपयोग तपासणीसारखा होतो: टेप पाहिल्यावर रेइको र्‍युजीला आपला फोटो काढायला लावते.

मृत्यूच्या क्षणी चित्र थिजून काळं-पांढरं उलटं होतं, म्हणजे माणसाचा फोटो होतो. नेन्शा ध्यानात ठेवली तर हे नुसतं तंत्र राहत नाही, माणूसच काच बनतो आणि त्याच्यावर कोणीतरी उमटतं. शिवाय हे केल्याने सादाकोचा चेहरा दाखवायची गरज पडत नाही. पूर्ण चित्रपटात तिचा एक डोळा सोडला तर काही दिसत नाही.

सादाको टीव्हीतून येते तेव्हा तिची चाल इतकी अस्वस्थ का करते? माझ्या नव्या टीव्हीवर मात्र ते फारसं जाणवलं नाही. (ठाणे)

आधी टीव्हीचं बघू. नव्या संचांत दोन चित्रांच्या मध्ये संचाने स्वतः तयार केलेली चित्रं घालून हालचाल गुळगुळीत करण्याची सोय असते. मेनूत ती मोशन स्मूदिंग किंवा तत्सम नावाने सापडते. ती बंद करा, कारण या प्रसंगाचा सगळा जीव धक्क्याधक्क्याच्या हालचालीत आहे. ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोडही काढा. त्याने काळा रंग राखाडी होतो आणि विहिरीच्या दृश्यात जे दिसायला नको ते दिसू लागतं. खोलीतला दिवा संचाच्या मागे ठेवला तर काचेत आपलं प्रतिबिंब पडत नाही. (या चित्रपटाच्या बाबतीत तो फायदाच आहे.)

आता चाल. रिए इनो या अभिनेत्रीला उलटं, मागे मागे चालायला लावलं आणि ते चित्रण उलट्या क्रमाने दाखवलं. त्यामुळे ती पुढे येते, पण वजन चुकीच्या पायावर पडतं, खांदे पावलाच्या आधी हलतात. डोळ्यांना काय चुकतंय ते सांगता येत नाही. टेपमधली माणसंही अशीच उलट चालतात. केसांतून दिसणारा डोळा तिचा नाही, तो चित्रीकरण पथकातल्या एका पुरुषाचा आहे, पापण्यांचे केस काढून टिपलेला.

उलटेपणाला जपानी अंत्यसंस्कारात नाव आहे, ‘साकासागोतो’: मृताच्या बाबतीत गोष्टी उलट करायच्या. किमोनोची उजवी बाजू वर घ्यायची, अंघोळीच्या पाण्यात आधी गार आणि मग गरम ओतायचं, घडीचा पडदा उलटा उभा करायचा. (आपल्याकडे श्राद्धात जानवं अपसव्य करतात, त्याची आठवण येईल. उगम एकच आहे असं मात्र समजू नये.) उलटी चाल हे म्हणूनच मेलेल्याचं लक्षण म्हणून वाचता येतं.

एक फरक मात्र नोंदवण्यासारखा. मारुयामा ओक्यो या अठराव्या शतकातल्या चित्रकारापासून जपानी भुताचं रूप ठरून गेलं: पांढरं वस्त्र, मोकळे केस, पाय नाहीत. सादाकोकडे पहिल्या दोन गोष्टी आहेत आणि पायही आहेत. नखं नसलेल्या बोटांनी ती स्वतःला जमिनीवरून ओढते. तिला वजन आहे. तरंगणारं भूत दाराशी थांबवता येईल असं वाटतं, हिच्याबद्दल तसं वाटत नाही.

जपानी भयपटांत विहीर एवढी का येते? (सातारा)

ओकिकूमुळे. दहा ताटांच्या संचातलं एक हरवलं म्हणून मारून विहिरीत टाकलेली मोलकरीण रोज रात्री एक ते नऊ मोजते आणि तिथे थांबून किंचाळते, अशी ही कथा. हिमेजी किल्ल्यात ‘ओकिकूची विहीर’ आजही दाखवतात. होकुसाईच्या चित्रात तर तिची मानच ताटांच्या उतरंडीची आहे.

एक कमी माहितीची गोष्ट: जपानमध्ये जुनी विहीर बुजवायची तर तिच्यातल्या देवतेला श्वास घेता यावा म्हणून बांबूची किंवा हल्ली प्लॅस्टिकची नळी वर काढून ठेवण्याची चाल आहे. इथे विहिरीवर दगडी झाकण ठेवलं आणि त्यावर लाकडी केबिन ठोकली. श्वासाची वाट बंद झाली आणि वरच्या खोलीत व्हिडिओ यंत्र होतं. दिग्दर्शकाने हे मुद्दाम योजलं असा दावा आम्ही करत नाही, पण बसतं मात्र चपखल.

घोडे, माशी आणि शिडी यांचा अर्थ काय? (पुणे)

ते गोर व्हर्बिन्स्की यांच्या २००२ च्या अमेरिकी चित्रपटात आहे. ‘रिंगु’मध्ये यातलं काही नाही.

ही गल्लत फार होते. कोजी सुझुकी यांच्या १९९१ च्या कादंबरीत नायक पुरुष आहे, आणि सादाकोच्या शरीराबद्दल व देवीच्या रोगाबद्दल जे आहे ते चित्रपटाने पूर्ण गाळलं आहे. त्यात भर म्हणजे ३१ जानेवारी १९९८ रोजी ‘रिंगु’सोबत त्याच तिकिटावर ‘रासेन’ हा दुसऱ्या दिग्दर्शकाचा पुढचा भागही प्रदर्शित झाला. त्यात शापाचं स्पष्टीकरण वैद्यकीय अंगाने जातं. तो चालला नाही, म्हणून १९९९ मध्ये नाकातांनीच वेगळा ‘रिंगु २’ केला. १९९९ चीच कोरियन आवृत्तीही आहे. कुठलाही अर्थ ऐकला की आधी विचारा, हा यांतल्या कुठल्या कृतीतला? निम्मे वाद तिथेच संपतात.

नावातली ‘रिंग’ कोणती? (चिपळूण)

जपानी नाव म्हणजे इंग्रजी ‘रिंग’चाच जपानी उच्चार. वाजणारा फोन, विहिरीचं गोल तोंड, आणि एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहणारी टेप, तिन्ही लागू पडतात. निवडायची गरज नाही.

शेवटी रेइको गाडीतून वडिलांकडे जाते. योइची वाचतो का? आजोबा मरतात का? (नागपूर)

पडद्यावर दोन्ही दिसत नाही. एवढंच दिसतं की ती व्हिडिओ यंत्र घेऊन निघाली आहे, वडिलांना ‘योइचीसाठी एक काम करायचंय’ म्हणून सांगते आहे आणि रस्त्यापुढे आभाळ भरून आलं आहे. वडिलांच्याच घरी, रात्री सगळे झोपलेले असताना, योइचीने टेप पाहिली होती. ‘तोमो-चानने बघ म्हणून सांगितलं,’ असं तो म्हणाला होता. मेलेली तोमोको त्याला का सांगते, हे चित्रपट उलगडत नाही.

हिशेब मात्र करता येतो. योइचीने प्रत काढून आजोबांना दाखवली की तो सुटतो. मग आजोबांना सात दिवस मिळतात. त्यांनी मरायलाच हवं असं नाही. त्यांना दोन यंत्रं, एक कोरी टेप आणि एक माणूस लागेल. प्रत्येकाने एकालाच दाखवलं तर कोणत्याही दिवशी एकच जण टांगणीला असतो आणि बाकी सगळे वाचतात. शेवटच्या चित्रावर पोरींचे आवाज ऐकू येतात, त्या हेच बोलत असतात: मग ज्याला दाखवलं त्याचं काय? त्याने पुढच्याला दाखवायचं. म्हणजे याला शेवटच नाही? नाही. पण मरायचं नसेल तर दाखवशीलच की.